एका नगाचा भाव

मागच्या श्रावणात, आठवडाभर पावसानं उघडीप दिली नव्हती तेव्हा, खानापूरहून एक निवृत्त मास्तर बेळगावच्या उद्यमबागेतल्या माझ्या मशीन-शेडवर आले. छत्री दाराशी निथळत ठेवली, प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून आणलेला आलेखाचा कागद काढला आणि माझ्या टेबलावर पसरला. पेन्सिलनं काढलेलं ड्रॉइंग होतं. 300 मिलिमीटर व्यास, 25 मिलिमीटर जाडी, मधोमध बोअर, म्हणजे भोक, खालच्या अंगाला पट्टा फिरण्यासाठी रिंग. त्यांच्या जुन्या रेकॉर्ड प्लेअरची तबकडी, म्हणजे जिच्यावर रेकॉर्ड ठेवतात ती, वाकली होती. प्लेअर 1980 च्या दशकात आखातातून भावानं आणलेला. आता त्याचा कुठलाच पार्ट मिळत नव्हता. "ॲल्युमिनियममध्ये एक करून द्या," म्हणाले. "एकच पाहिजे."

दोन दिवसांनी मी फोनवर भाव सांगितला. 13,000 रुपये.

पलीकडे थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग मास्तर म्हणाले, "एका ताटलीला तेरा हजार? काय सांगूलालासा ओ! एवढ्यात नवा प्लेअर येतोय की." आवाजात राग नव्हता. फसवलं जातंय की काय, अशी शंका होती, आणि ती बोलून दाखवायचा संकोच.

ते वाक्य दिवसभर माझ्या डोक्यातून गेलं नाही. तीन वर्षांपूर्वी बेंगळुरूतल्या एका दुकानात, सुईच्या किमतीवरून, मी जवळपास हेच शब्द वापरले होते. तेव्हा मी गिऱ्हाईक होतो. या वेळी भाव सांगणारा मी होतो, आणि सांगितलेल्या भावात कुठंही लबाडी नव्हती हे मला ठाऊक होतं.

त्या 13,000 चा हिशेब असा. ॲल्युमिनियमचा ब्लँक, म्हणजे कच्ची चकती, 310 व्यासाचा आणि 30 जाडीचा घ्यावा लागतो. वजन सहा किलोच्या वर. किलोला 400 धरले तर 2,400 रुपये. मास्तरांचा कागद कॉम्प्युटरवर घेऊन प्रोग्रॅम करायचा, 2,000. मग सेटिंग. बाहेरच्या माणसाला हा शब्द कळत नाही, आणि सगळा घोळ तिथंच होतो. मशीनवर चालू असलेला लॉट थांबवायचा, जॉ, म्हणजे जॉब पकडणारे जबडे, उतरवून दुसरे चढवायचे, ते नव्या जॉबच्या मापाला मशीनवरच बोअर करून घ्यायचे, टूल लावायचे, ऑफसेट घ्यायचे, डायल लावून रनआउट, म्हणजे फिरताना जॉब किती डुगतो ते, बघायचा, नाही बसला तर परत खोलायचं. या चार तासांत मशीनवरून एकही नग उतरत नाही. मशीनचा हप्ता, विजेचं बिल, ऑपरेटरचा पगार मात्र चालूच. तासाला 600 प्रमाणे 2,400. प्रत्यक्ष कटिंग अडीच तास, 1,500. ॲनोडायझिंगवाला, म्हणजे ॲल्युमिनियमवर टिकाऊ थर चढवून देणारा, एक नग असो की वीस, टाकीत माल सोडायचे किमान 1,500 घेतो. बॅलन्सिंगला 800. झाले 10,600. वरच्या 2,400 ला नफा म्हणा, नाहीतर ब्लँक बिघडला तर दुसऱ्या ब्लँकची तजवीज म्हणा. दोन्हींपैकी एकच होऊ शकतं.

आता हीच तबकडी कुणी 200 नगांच्या ऑर्डरनं मागितली तर? मटेरियल घाऊक, 2,200. एकदा बसलेलं मशीन पन्नास मिनिटांत नग टाकतं, 500. प्रोग्रॅम आणि सेटिंगचे 4,400 रुपये 200 नगांवर वाटले की नगामागे 22 रुपये. ॲनोडायझिंग 150, बॅलन्सिंग 300. बेरीज 3,172. मशीन तेच, माणसं तीच, मायक्रॉनही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागातली अचूकताही, तेच.

म्हणजे मास्तरांनी जे 13,000 ऐकले त्यातला मोठा हिस्सा तबकडीचा नव्हताच. दुसरं कुणी मागत नाही, याचा तो भाव होता. नादिष्ट माणसांच्या ऑडिओ उपकरणांच्या किमतीबद्दल मला जे म्हणायचं आहे त्याची सुरुवात इथून होते. दुकानात मांडलेला ॲम्प्लिफायर, कार्ट्रिज (सुई बसवलेला छोटा भाग), टर्नटेबल (रेकॉर्ड फिरवणारं यंत्र) यांवर जो आकडा असतो त्यात वस्तू किती आणि एकटेपणा किती, हे वेगळं करून बघायला हवं.

मी फाउंड्रीवाल्याच्या घरातला. वडील मोल्डर होते. वाळूत मोल्ड उठवायचे, कोअर बसवायचे, संध्याकाळी घरी येताना कानाच्या पाळीमागे काळी रेघ असायची. त्यांच्याकडून लहानपणीच एक ऐकलं होतं: पॅटर्नचा, म्हणजे मोल्ड उठवायच्या नमुन्याचा, खर्च कास्टिंग किती निघतात ते बघत नाही. सुतारानं पॅटर्न केला की त्याचे पैसे झाले, मग त्यातून दोन कास्टिंग काढा की दोन हजार. बेळगावात पंपाचं, व्हॉल्व्हचं, गाडीच्या पार्टचं काम करणाऱ्या कुणालाही हे शिकवावं लागत नाही. तरीही आपण गिऱ्हाईक झालो की विसरतो. मीही विसरलो होतो.

टेक्निक्स या जपानी कंपनीच्या एसएल-1200 या टर्नटेबलची गोष्ट यासाठी मला फार महत्त्वाची वाटते. 1972 मध्ये ते बाजारात आलं. पुढं जगभरच्या डीजेंनी उचललं आणि अनेक आवृत्त्या मिळून 35 लाखांच्या आसपास नग विकले गेले. थेट मोटरच्या अक्षावर बसलेली तबकडी, डाय-कास्ट सांगाडा, जड अंग. एवढं अचूक यंत्र मध्यमवर्गीय माणसाला परवडेल अशा किमतीत मिळायचं, कारण त्याच्या डायचे, म्हणजे पोलादी साच्यांचे, पैसे कधीच वसूल झालेले होते. 2010 मध्ये कंपनीनं उत्पादन थांबवलं. 2016 मध्ये पुन्हा सुरू केलं तेव्हा जुने डाय आणि साचे कामाचे राहिले नव्हते, जवळपास सगळं नव्यानं करावं लागलं. पहिली आवृत्ती 1,200 नगांची आणि किंमत 4,000 डॉलर. लोक खवळले. नाव तेच, चेहरा तोच, भाव चौपट? मग 2019 मध्ये, मागणी आहे याची खात्री पटल्यावर, त्याच घराण्यातलं एमके7 आलं, साधारण 1,000 डॉलरचं. ते काही 2016 च्या मॉडेलची हुबेहूब नक्कल नव्हतं, मोटर आणि तबकडी साधी होती. पण मोठ्या लॉटची खात्री नसती तर ती किंमतही लावता आली नसती. मी जेव्हा हे वाचलं तेव्हा मला कुठल्या तरी जपानी कारखान्यातला टूल-रूमचा इन्चार्ज दिसला, गंजलेल्या डायवरून हात फिरवणारा.

आता सुईबद्दल सांगतो, कारण माझं खरं दुःख तिथलं आहे.

वडिलांकडे एचएमव्हीचा फिएस्टा होता. सुटकेससारखा, झाकणातच स्पीकर. रविवारी दुपारी जेवणं झाली की माजघरात चटई टाकून ते रेकॉर्ड लावायचे. कुमार गंधर्व हे आमच्यासाठी लांबचे कुणी नव्हते. सुळेभावी इथून जेमतेम पंधरा किलोमीटर, आणि तिथं 1924 मध्ये जन्मलेला पोरगा देवासला जाऊन काय होऊन बसला, याचा वडिलांना स्वतःच्या घरातल्यासारखा अभिमान होता. मल्लिकार्जुन मन्सूर धारवाडचे, पण मिरजेला नीलकंठबुवांकडे शिकलेले. गाणं कानडी की मराठी हा प्रश्न त्या चटईवर कधी आला नाही.

वडील गेल्यावर रेकॉर्ड माझ्याकडे आल्या. मी बरा प्लेअर घेतला. त्याची सुई झिजली तेव्हा एका विक्रेत्याकडून 900 रुपयांत "ओरिजिनल" म्हणून सुई मागवली. पाकीट छान होतं. तीन महिन्यांनी कुमारांच्या एका एलपीवर वरच्या स्वरांत खरखर सुरू झाली. सुई काढून मेट्रॉलॉजीवाल्या, म्हणजे अचूक मोजमाप करणाऱ्या, मित्राच्या मायक्रोस्कोपखाली धरली. टोक वाकडं चिकटवलेलं होतं, एका बाजूनं चिरल्यासारखं. वीस मिनिटांच्या एका बाजूत सुई खाचेतून चारशे मीटरच्या वर चालते. ते वाकडं टोक तीन महिने वडिलांच्या रेकॉर्डवरून नांगरासारखं फिरलं होतं. ती खरखर आता कायमची. कुठल्याही किमतीची सुई लावली तरी ती जागा परत येणार नाही.

त्यानंतर मी राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं बेंगळुरूला गेलो आणि त्या दुकानात मूव्हिंग कॉइल कार्ट्रिजचा भाव विचारला. 46,000. अंगठ्याच्या पेराएवढी वस्तू.

घरी परत आल्यावर हिनं एवढंच विचारलं, "सुईला?" मला उत्तर देता येईना. म्हणून मी शोधत बसलो, की ही वस्तू बनते कशी.

एलपीची खाच साधारण 0.05 मिलिमीटर रुंद असते, आणि तिच्या भिंतींवरची नक्षी काही ठिकाणी मायक्रॉनपेक्षाही बारीक. आमच्या शेडमध्ये दहा मायक्रॉन पकडले तर ऑपरेटर दुसऱ्याला बोलावून दाखवतो. त्या नक्षीतून जाणारं टोक हिऱ्याचं, खाचेच्या आकाराला जुळेल असं घासलेलं. ते बसतं एका काडीवर, ॲल्युमिनियमच्या किंवा बोरॉनच्या. काडीच्या दुसऱ्या टोकाला दोन इवल्या कॉइल असतात, पंचवीस-तीस मायक्रॉन तारेच्या, म्हणजे आपल्या केसाच्या निम्म्याहूनही बारीक. बऱ्याच कंपन्यांत ही तार आजही माणूस मायक्रोस्कोपमधून बघत हातानं गुंडाळतो. काडी चुंबकाच्या फटीत हलली की कॉइलमधून वीज निघते, ती असते 0.3 मिलिव्होल्टच्या आसपास. तेवढ्या हालचालीत सगळं गाणं. असं हिऱ्याचं टोक घासून देणारे चांगले कारखाने जगात बोटांवर मोजावेत इतके, जपानमधले ओगुरा आणि नामिकी (2023 पासून नाव ऑर्ब्रे), स्वित्झर्लंडमधले गायगर. त्यांच्यातल्या एकानं एखादी काडी बंद केली तर पाच-सात कार्ट्रिज कंपन्यांना डिझाइन बदलावं लागतं.

पण मूव्हिंग कॉइल म्हणजे महागच, असंही नाही. डेनॉनचं डीएल-103 हे कार्ट्रिज 1960 च्या दशकात जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेसाठी तयार झालं. आजही बनतं, आणि आपल्या जातीतल्या इतरांच्या मानानं स्वस्त मिळतं. त्याचं टोक साधं गोल आहे, नव्या घासणीचं नाही, हे खरं. पण एकच डिझाइन साठ वर्षं न बदलता काढत राहिलं, की जिग-फिक्स्चरचा, म्हणजे जॉब धरायच्या साधनांचा, खर्च फिटतो आणि बायकांचे-माणसांचे हात बसतात. मी अखेर तेच घेतलं. 46,000 वालं दुकानातच राहिलं. त्या दुकानदारानं मला तीन तास बसवून घेतलं होतं, तीन वेगवेगळी कार्ट्रिज बदलून ऐकवली होती, दोनदा चहा दिला होता, आणि मी रिकाम्या हातानं स्टेशन गाठलं होतं. माझे ते तीन तास दुसऱ्या कुणाच्या तरी बिलात गेले असणार. ध्वनिरोधक खोली, तिचं भाडं, ऐकवण्यासाठी फोडलेले नग, महिन्यातून होणारी दोन-तीन गिऱ्हाइकं. कारखान्यात जो खर्च येतो त्याच्या चौपट-पाचपट दुकानातली किंमत, असा या धंद्यात ढोबळ आडाखा आहे तो यामुळं. आणि परदेशी माल असला तर सरकारचं वेगळं. 100 रुपयांची वस्तू बंदरात उतरली, शुल्क 20 टक्के धरलं, त्या शुल्कावर 10 टक्के समाजकल्याण अधिभार, की झाले 122. त्यावर 18 टक्के आयजीएसटी, म्हणजे 144 च्या घरात. विक्रेत्याचा नफा यापुढं सुरू होतो.

याच्या उलट गोष्ट माझ्या मुलाच्या खिशात आहे. त्यानं फोनला लावायचा एक छोटा डॅक, म्हणजे डिजिटल आकड्यांतून आवाज काढणारं यंत्र, आणला, हजार-दीड हजाराचा, शेपटीसारखा लोंबतो. सीडीचा 16 बिट आणि 44.1 किलोहर्ट्झचा साचा 1982 पासून आहे. त्यात मावणारं सगळं ही शेपटी इमानदारीनं बाहेर काढते. 1980 च्या दशकात एवढी अचूकता देणारं यंत्र उचलायला दोन्ही हात लागायचे. ते स्वस्त झालं कारण ती चिप फोनवाल्यांसाठी कोट्यवधींनी बनते आणि ऐकणारा नादिष्ट माणूस त्या लाटेवर फुकट बसून येतो. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: जिथं सिलिकॉन आहे तिथं मोठे पैसे घालू नयेत. डॅकला लाख रुपये देणाऱ्यानं बहुतेक पैसे जाड ॲल्युमिनियमच्या डब्याला दिलेले असतात, आणि डबे मी बनवतो, त्यांचा भाव मला माहीत आहे. जिथं लोखंड, तांबं, लाकूड, हिरा आणि हात आहे तिथं मात्र भाव खाली येत नाही. ट्रान्सफॉर्मर, स्पीकरचा कोन, त्याची पेटी, बेअरिंग, सुई. यांना फोनचा धंदा काही मदत करत नाही.

शहापुरात आमचे एक रेडिओमामा होते. सख्खे कुणाचेच नाहीत, सगळ्या गल्लीचे मामा. त्यांच्या फळीवर भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या व्हॉल्व्हची, म्हणजे रेडिओतल्या काचेच्या नळ्यांची, खोकी रचलेली असायची. बेंगळुरूच्या या सरकारी कारखान्यानं 1961 मध्ये रेडिओचे व्हॉल्व्ह काढायला सुरुवात केली, आणि मामांच्या हयातीत ते किराणा मालासारखे मिळायचे. मग ट्रान्झिस्टर आला, कारखान्यानं ते काम आटोपलं, मामांनीही फळी रिकामी केली. ती खोकी त्यांनी कुणाला दिली, मी कधी विचारलं नाही, आणि आज त्याची हळहळ वाटते. आज मोठ्या प्रमाणात व्हॉल्व्ह बनतात ते रशियातल्या सारातोव्हला, स्लोव्हाकियात आणि चीनमध्ये. 2022 च्या मार्चमध्ये रशियानं निर्यात रोखल्याची बातमी आली आणि काही दिवसांत जगभरच्या गिटारवाल्यांनी आणि ॲम्प्लिफायरवाल्यांनी दुकानं रिकामी केली. त्याच्याही दोन वर्षं आधी, 6 फेब्रुवारी 2020 ला, कॅलिफोर्नियातल्या बॅनिंग गावात अपोलो मास्टर्सचा कारखाना जळाला. रेकॉर्ड छापण्याआधी ज्या लॅकरच्या चकतीवर पहिली खाच कापतात, त्या चकत्या करणारे जगात दोनच कारखाने होते. एक हा, दुसरा जपानमधला. एका सकाळी जगातले निम्मे कारखाने गेले, म्हणजे एक गेला. अशा धंद्यात भाव ठरवताना उद्या कच्चा माल मिळेल की नाही याची भीतीही किमतीत धरावी लागते. ती बिलावर वेगळी लिहिलेली नसते.

हे सगळं सांगितल्यावर लबाडी नाहीच, असं कुणी समजू नये. आहे. भरपूर आहे. लाखांच्या घरातल्या केबल विकल्या जातात. विजेची तार घराबाहेर खांबापासून कित्येक किलोमीटर साधी येते आणि शेवटच्या दीड मीटरसाठी चांदीचं वेष्टण घालून माणसाच्या भाबडेपणावर हात मारला जातो. डोळे बांधून ऐकवलं तर फरक सांगता येत नाही, हे विकणाऱ्यालाही ठाऊक असतं. मला याचा संताप येतो तो पैसेवाल्याच्या खिशासाठी नाही. या केबलवाल्यांमुळं हातानं कॉइल गुंडाळणाऱ्या माणसाचा खरा भावही खोटा वाटायला लागतो. मास्तरांच्या आवाजातली ती शंका आली कुठून? असल्याच मालाच्या बातम्या ऐकून.

त्यांच्याशी फोनवर बोलणं झाल्यावर पंधरा दिवसांनी मी मिरजेला गेलो होतो, बहिणीच्या तंबोऱ्याची जवारी काढायला. आमच्याकडून दोन-अडीच तासांचं अंतर. तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात तंबोरे-सतारी करायला घेतल्या आणि गाव वाद्यांचं झालं. भोपळे पंढरपूरच्या बाजूनं येतात, लाकूड तुणीचं. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. कारागिरानं तंबोरा आडवा घेतला, घोडीवर कानशीचे तीन हात फिरवले, तारेखाली सुताचा धागा सरकवला, छेडलं, मान हलवली, धागा काढला, परत दोन हात. असं दीड तास. सपाट घोडीला अगदी नकळत उतार द्यायचा असतो, तार त्या उतारावर घासत-सुटत गेली की तिच्यातून वरचे स्वर फुलतात. मी घड्याळी डायल वापरणारा माणूस. तो उतार किती मायक्रॉनचा, हे मी डोळ्यांनी अदमासायचा प्रयत्न करत होतो आणि तो कारागीर कानानं पुढं निघून गेला होता. शेवटी षड्ज लागला तेव्हा खोलीत आणखी कुणीतरी येऊन बसल्यासारखं झालं.

त्यानं 500 रुपये मागितले.

मी तासाला मशीनचे 600 लावतो. त्यानं दीड तासाच्या हातांचे, आणि त्या हातांमागच्या चार पिढ्यांचे, 500 सांगितले. जास्त का घेत नाही, असं मी विचारलं. म्हणाला, "शिकणारी पोरं असतात, साहेब. फोनवर तंबोरा फुकट वाजतोय." बेंगळुरूच्या राडेल कंपनीनं 1979 च्या सुमाराला इलेक्ट्रॉनिक श्रुती-यंत्रं आणली, पुढं त्यांचे डबे घरोघरी आले, आता तेही फोनमध्ये गेले. गिऱ्हाइकाकडं पैसे नाहीत म्हणून भाव वाढत नाही, भाव वाढत नाही म्हणून त्याचा मोठा मुलगा एमआयडीसीत लेथवर आहे. माझ्याच धंद्यात. येताना गाडीत मी बहिणीशी फारसं बोललो नाही. जपानमधल्या कॉइल गुंडाळणाऱ्याला त्याच्या हाताचे पैसे मिळतात म्हणून ते कार्ट्रिज महाग आहे, आणि इथल्याला मिळत नाहीत म्हणून जवारी स्वस्त आहे. या दोन्हींतलं महाग काय पडतंय, हे पुढच्या वीस वर्षांत मिरजेत दिसेल.

बेळगावला पोहोचल्यावर त्याच संध्याकाळी मास्तरांना फोन केला. म्हटलं, भाव कमी करू शकत नाही, पण तुमच्यासारखी आणखी चार माणसं शोधा. तोच प्लेअर, तेच मॉडेल. पाच नग झाले तर 7,000 मध्ये देतो.

त्यांनी ते फारच मनावर घेतलं. दिवाळीपर्यंत निपाणीचा एक, गडहिंग्लजचा एक, म्हापशाचा एक असे तिघे जमवले. बहुतेकांचे प्लेअर आखातातूनच आलेले. चौथा धारवाडचा, वकील. त्यानं मला थेट फोन केला, "एष्ट आगतद री?" म्हणजे किती होतील. मी कानडीत हिशेब सांगितला, नगामागे मटेरियल 2,400, सेटिंग आणि प्रोग्रॅम आता पाचांत वाटून 880, कटिंग 1,200, बाकीचं असं असं. त्यानं मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाला, मन्सूरअण्णांच्या रेकॉर्ड आहेत, वडिलांच्या. तेवढं पुरेसं होतं.

मी सहा ब्लँक मागवले. एक बिघडला तर हाताशी असावा म्हणून. आमचा जुना ऑपरेटर, ज्याला सगळे अण्णा म्हणतात, त्यानं रविवारी, शेड शांत असताना, ते काम घेतलं. मशीन गरम व्हायला अर्धा तास रिकामं चालवलं. पहिल्या नगाचा रनआउट 12 मायक्रॉन आला, त्यानं मान हलवली, जॉ परत घासले. दुसऱ्यापासून पुढं 7-8 च्या वर गेला नाही. पहिला परत लावून हलका कट घेतला, तोही बसला. एकही ब्लँक बिघडला नाही.

मास्तर न्यायला आले ते मार्गशीर्षात. ऊन होतं. काळ्या ॲनोडायझिंग केलेल्या सहा तबकड्या टेबलावर वर्तमानपत्र घालून ठेवल्या होत्या. त्यांनी मोजल्या.

"सहावी कुणाची?"

"कुणाचीच नाही," मी म्हटलं. "बिघडली असती तर तुमच्या पाचांतल्या एकाची झाली असती. तुमच्या दरात तिचे पैसे धरलेत, नगामागे 800."

ते तिच्याकडं बराच वेळ बघत राहिले. मग खिशातून चष्मा काढून घातला, बोअरच्या कडेवरून बोट फिरवलं. अण्णानं टेस्टिंगचा स्पिंडल, म्हणजे मधला दांडा, आणून बाकावर उभा केला आणि सहावी तबकडी त्याच्यावर बसवली. आत अडकलेली हवा सोडत ती सावकाश खाली उतरली. "फिरवा की," अण्णा म्हणाला. मास्तरांनी एका बोटानं हलकेच ढकललं. काळी तबकडी फिरायला लागली, फिरते आहे हे फक्त कडेवरच्या उजेडाच्या रेघेवरून कळत होतं, आणि ती रेघ हलत नव्हती. आम्ही तिघं ती थांबेपर्यंत उभे होतो.